भक्ती पार्क आणि मैसूर कॉलनी यांच्या मधले साडेतीन तास

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार. आदल्या दिवसापासून पावसाने मुंबईला झोडपून काढलं होतं. शाळा-कॉलेजांना सुट्टी दिली होती, कुर्ल्यात मिठी नदीचं पाणी चढल्यामुळे काठावरच्या माणसांना हलवावं लागलं होतं आणि रुळांवर पाणी साचून हार्बरच्या लोकल बंद पडल्या होत्या. त्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या दोन स्टेशनांच्या मध्ये मोनोरेलची एक गाडी थांबली, ती थांबलीच. वीज गेली, एसी बंद पडला. काचा बंद, आत माणसाला माणूस चिकटलेला. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली आणलं, तोवर सुमारे साडेतीन तास गेले होते. काहींना गुदमरल्याचा त्रास झाला, उपचार द्यावे लागले. जीव मात्र कुणाचा गेला नाही.

या घटनेची चर्चा झाली ती गाडीची: जुन्या गाड्या, जादा वजन, वरून पाऊस. सगळं खरं आहे. पण मला हे प्रकरण स्टेशनांचं वाटतं. गाडी बंद पडली ती दोन स्टेशनांच्या मध्ये. तिच्यात जास्त माणसं चढली ती मात्र स्टेशनांवर, आणि त्यांना अडवता आलं असतं तेही तिथेच. का, ते नीट मांडते.

जागा

भक्ती पार्क हे वडाळा पूर्वेच्या अगदी टोकाचं. उंच इमारतींची मोठी वसाहत, शेजारून जाणारा पूर्व मुक्त मार्ग, जवळच आणिक आगार, आणि पलीकडे खाडीच्या बाजूला मिठागरं नि खारफुटी. माझ्या पिढीला ही जागा आयमॅक्स चित्रपटगृहाच्या घुमटामुळे माहीत झाली, त्याआधी इथे मुद्दाम यायचं कारण फारसं नव्हतं. वडाळा रोड आणि गुरू तेग बहादूर नगर ही हार्बरची दोन्ही स्टेशनं सहज चालत जाण्यासारखी नाहीत. म्हणजे घराबाहेर पडलं की बेस्टची बस, टॅक्सी किंवा, चालू असेल तेव्हा, मोनो.

मैसूर कॉलनी हे पुढचं स्टेशन चेंबूर-माहुलच्या बाजूचं. तिथून चेंबूरकडे जाताना स्टेशनांची नावंच परिसर सांगतात: भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाऊनशिप. कारखान्यांच्या कुंपणांवरून आणि कामगार वसाहतींवरून पडलेली नावं. भक्ती पार्क आणि मैसूर कॉलनीच्या मधला टप्पा लांब आणि मोकळा. एरवी खिडकीशी उभं राहून बघत राहावा असा. खाली हिरवी खारफुटी, दूरवर तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या. पावसाळ्यात तर हा टप्पा फारच सुंदर दिसतो. नेमक्या याच टप्प्यात गाडीतून बाहेर पडायला वाट नाही.

वाट का नाही

इथे मोनोरेल चालते कशी ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी अडचण त्यात आहे. लोकल दोन रुळांवर धावते, मेट्रो पुलावरच्या दोन रुळांवर. मोनोला रूळ नाहीत. काँक्रीटची एक अरुंद तुळई असते आणि गाडी घोड्यावर मांड ठोकावी तशी तिच्यावर बसते. वरून रबरी चाकं भार पेलतात, बाजूची चाकं तुळईला दोन्हीकडून धरून ठेवतात. वीजही वरच्या तारेतून येत नाही. तुळईच्या कडेने वीजवाहक पट्ट्या जातात आणि गाडीच्या खालचे संपर्क-तुकडे त्या पट्ट्यांवर घासत वीज उचलतात.

त्या दिवशी हाच स्पर्श तुटला. एमएमआरडीएने, म्हणजे मोनो ज्याच्या अखत्यारीत आहे त्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, दिलेला खुलासा असा: गाडीचं एकूण वजन १०४ टनांपर्यंत चालतं, गर्दीमुळे ते १०९ टनांवर गेलं, आणि जादा भारामुळे वीजपट्टी व संपर्क-तुकडा यांची साथ सुटली. एरवी बंद पडलेली मोनो दुसऱ्या मोनोने ओढून जवळच्या स्टेशनात नेतात. जादा वजनामुळे तेही जमलं नाही.

आता प्रवाशाच्या बाजूने पाहू. लोकल बंद पडली की मुंबईकर काय करतो? वाट पाहतो, वैतागतो आणि शेवटी उडी मारून रुळांवरून चालू लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माणसं अशीच रुळांवरून, रस्त्यांवरून, कमरेइतक्या पाण्यातून घरी गेली. धोकादायक होतं ते, पण पायाखाली जमीन होती. मेट्रोतही वेळ आलीच तर प्रवाशांना पुलावर उतरवून पुढच्या स्टेशनापर्यंत चालवत नेता येतं. मोनोच्या दाराबाहेर पाय ठेवायला काहीच नाही. खाली दोन-तीन मजल्यांची पोकळी. तुळईला लागून पायवाट बांधलेली नाही, त्यामुळे सुटकेचे मार्ग दोनच उरतात: दुसरी गाडी किंवा अग्निशमन दलाची शिडी. त्या दिवशी गाडी थांबली तिथे शिडीची गाडी पोचू शकली. खाली नुसती खारफुटी असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या रात्रीपासून सोडत नाही.

त्याच संध्याकाळी मोनोची आणखी एक गाडी आचार्य अत्रे नगर स्टेशनाजवळ अडकली होती. तिच्यात सुमारे २०० प्रवासी होते. ती जवळच्या स्टेशनात नेता आली आणि माणसं फलाटावर उतरली, त्यामुळे तिची फारशी बातमीही झाली नाही. पाऊस तोच, दिवस तोच, व्यवस्थाही तीच. दोन गाड्यांतला मोठा फरक होता तो आतल्या माणसांच्या संख्येचा.

पाच टन म्हणजे किती माणसं

१०९ उणे १०४, पाच टन. माणसाचं वजन सरासरी ६० किलो धरलं तर साधारण ८० माणसं. चार डब्यांची गाडी, म्हणजे डब्यामागे २० जण जास्त.

पण दुसरा हिशेबही करून बघा. चार डब्यांच्या या गाडीची क्षमता सुमारे ५६० प्रवाशांची मानली जाते. डब्यात बसायला जेमतेम १८-२० जागा, बाकी सगळे उभे. त्या गाडीतून उतरवलेले प्रवासी ५८२. डोकी मोजली तर जादा माणसं फक्त २०-२२. वजन मोजलं तर ८० माणसांइतकं जास्त.

ही तफावत मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते. प्रवासीसंख्येत सांगितलेली क्षमता ही कागदावरच्या सरासरी माणसाची असते. पावसात भिजलेला, पाठीला ऑफिसची बॅग, हातात भाजीची पिशवी, कडेवर पोर, अशा माणसाची ती नसते. मग अशा दिवसासाठी मर्यादा ५६० ची ठेवून भागणार नाही, ती मुद्दाम खाली आणावी लागेल. माझ्या मते भर पावसाच्या दिवशी, लोकल बंद असताना, ४५० च्या पुढे एकही माणूस गाडीत जाता कामा नये. हा आकडा माझा अंदाज आहे. तज्ज्ञांनी तो दुरुस्त करावा, पण वेगळा पावसाळी आकडा असावाच, आणि तो आधी ठरलेला असावा.

आणि तो पाळायचा कुठे? गाडीत नक्कीच नाही. घटनेनंतर एमएमआरडीएने ठरवलं की वजन १०४ टनांपुढे जाऊ द्यायचं नाही, जास्त भरली तर काही प्रवासी उतरवूनच गाडी सोडायची. हवेसाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांवर ठळक खुणा करायच्या, गाडीत जादा माणसं ठेवायची. खिडक्यांच्या खुणांचं मला मनापासून पटलं. बंद काचेच्या डब्यात कुठली खिडकी उघडते हे आधी माहीत असणं म्हणजे श्वास आहे. पण भरलेल्या गाडीतून माणसं उतरवायची? मुंबईत? दारात पाय ठेवायला जागा मिळवलेला माणूस पावसाच्या संध्याकाळी खाली उतरेल का? "पुढची गाडी घ्या" म्हटल्यावर पुढची गाडी कधी, हा पहिला प्रश्न येणार. मोनोत त्याचं उत्तर पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त असंच राहिलेलं आहे.

माणसांना थांबवण्याची जागा म्हणजे स्टेशनाचं फाटक. आणि मोनोच्या स्टेशनाला फाटक आहे! लोकलचं स्टेशन चहूबाजूंनी उघडं. पूल, बोळ, फलाटाची टोकं, कुठूनही माणूस आत येतो. दादरला कुणी ठरवलं की आता फक्त इतकेच आत, तरी ते जमणार नाही. मोनोला टोकन किंवा कार्ड लावल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणजे कोणत्या स्टेशनात किती माणसं शिरली हा आकडा यंत्रणेच्या हातात त्याच क्षणी असतो. गरज आहे ती तो आकडा वाचून फाटक बंद करण्याचा अधिकार स्टेशनातल्या माणसाला देण्याची.

मी त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहते. समोर शे-दीडशे भिजलेली माणसं. लोकल बंद, रस्त्यांवर पाणी, बस मिळत नाही. त्यात म्हाताऱ्या बायका, घरी तान्हं बाळ ठेवून आलेल्या आया. त्यांना "थांबा" म्हणायचं. हे एकट्याच्या हिमतीवर जमणारं काम नाही. त्याच्या हातात वरून आलेला लेखी आदेश हवा, सोबत पोलीस हवेत, आणि थांबवलेल्या माणसांना उभं राहायला छप्पर, पाणी, स्वच्छतागृह आणि खरी माहिती सांगणारा ध्वनिक्षेपक हवा. थांबवलेल्या माणसाला सांभाळायची सोय नसेल तर त्याला थांबवणं हा नुसता निष्ठुरपणा होईल.

रिकामं स्टेशन गर्दीला कसं सामोरं जाणार

एवढी साधी तयारी का नव्हती, याचं उत्तर त्या संध्याकाळच्या अकरा वर्षं आधी सुरू होतं.

चेंबूर ते वडाळा डेपो हा पहिला टप्पा २ फेब्रुवारी २०१४ ला लोकांसाठी उघडला. तिकीट ५ ते ११ रुपये. पहिले काही दिवस नवी गाडी बघायला आलेल्यांच्या रांगा लागल्या. पण वेळ होती सकाळी ७ ते दुपारी ३. सकाळी मोनोने कामाला गेलेल्या माणसाने संध्याकाळी परत यायचं कसं? वेळा पुढे वाढवल्या, पण ज्यांनी पहिल्या आठवड्यांत आपला रोजचा रस्ता ठरवला त्यांच्या हिशेबातून मोनो तेव्हाच गेली. माणूस रोजची वाट एकदा ठरवतो. ती पुन्हा बदलायला त्याला मोठं कारण लागतं.

९ नोव्हेंबर २०१७ ला पहाटे याच मैसूर कॉलनी स्टेशनात उभ्या गाडीचे दोन डबे जळाले. आत प्रवासी नव्हते. त्यानंतर मोनो जवळपास दहा महिने बंद होती, १ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा धावली. वडाळ्यापासून सात रस्त्यापर्यंतचा, म्हणजे संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा ३ मार्च २०१९ ला सुरू झाला आणि सुमारे २० किलोमीटर, १७ स्टेशनांचा मार्ग पूर्ण झाला. वर्षभरात टाळेबंदी आली. ऑक्टोबर २०२० पर्यंत पुन्हा बंद.

या काळात गाड्या कमी पडत गेल्या. मूळ गाड्या बनवणाऱ्या मलेशियन कंपनीशी असलेला करार डिसेंबर २०१८ मध्ये संपवण्यात आला, सुटे भाग मिळणं अवघड झालं. गाड्या कमी, म्हणून दोन फेऱ्यांत अंतर जास्त. अंतर जास्त, म्हणून प्रवासी कमी. अखेरच्या काळात दिवसाला १५ ते १८ हजार प्रवासी. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो याहून छोटी, ११.४ किलोमीटर, आणि ती दिवसाला पाच लाखांच्या घरात माणसं नेते.

या आकड्यांकडे एरवी तोट्याचा हिशेब म्हणून पाहिलं जातं. मला त्यांत १९ ऑगस्टची संध्याकाळ दिसते. जे स्टेशन वर्षातले ३६० दिवस निवांत असतं, तिथल्या कर्मचाऱ्यांना गर्दी हाताळायचा सराव कुठून असणार? कुर्ल्याच्या किंवा ठाण्याच्या पुलावरच्या पोलिसाला गर्दीचा श्वास कळतो. कधी लोंढा येणार, कुठे दोरी लावायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. मोनोच्या फलाटावर ते शहाणपण साठायला गर्दीच आली नाही, आणि आली ती एकदम, वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी. रोजची पोकळी आणि त्या दिवसाची घुसमट यांचं मूळ एकच आहे.

१५ सप्टेंबरला आणखी एक गाडी सकाळी अडकली, या वेळी आत जेमतेम १७ प्रवासी होते. २० सप्टेंबर २०२५ पासून सगळी सेवाच थांबवली गेली. नवी सिग्नल यंत्रणा बसवायची, हैदराबादच्या मेधा कंपनीकडून आलेल्या नव्या गाड्या जोडायच्या, असं त्या वेळी जाहीर झालं. ५ नोव्हेंबरला वडाळ्याजवळ चाचणी चालू असताना नवी गाडी तुळईवरून घसरून कलली. नव्या गाड्या आणि नवे सिग्नल लागणारच होते, त्यांचं मी स्वागत करते. दोन फेऱ्यांतलं अंतर पाच-सहा मिनिटांवर आलं तर "पुढची गाडी घ्या" या वाक्याला अर्थ येईल. पण गाडी नवी असो वा जुनी, तुळईला पायवाट नाही हे बदलत नाही. म्हणून फाटकाचा मुद्दा राहतोच.

आता मेट्रो येणार आहे

भक्ती पार्कच्या बाबतीत हे सगळं जास्त तातडीचं आहे. मेट्रो ४, वडाळा ते कासारवडवली, सुमारे ३२ किलोमीटरची, तिचं दक्षिणेकडचं पहिलं स्टेशन भक्ती पार्कच आहे. ठाण्याच्या टोकाला सप्टेंबर २०२५ मध्ये तिची चाचणी सुरू झाली. आज शहराच्या कडेला असलेली ही वसाहत उद्या ठाणे, घोडबंदर, मुलुंड, विक्रोळीच्या माणसांची उतरण्याची जागा होईल. त्यातले कितीतरी जण इथे मेट्रोतून उतरून मोनो धरतील, नायगाव, लोअर परळ, सात रस्त्याला जायला.

मेट्रोच्या सहा डब्यांत मोनोच्या साधारण तिप्पट माणसं मावतात. एक भरलेली मेट्रो भक्ती पार्कला रिकामी झाली आणि त्यातली निम्मी माणसं जरी मोनोकडे वळली, तरी एका मोनोत ती मावणार नाहीत. हे आता पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसापुरतं राहणार नाही, दर सकाळी होईल. म्हणून दोन स्टेशनांना जोडणारा पूल नुसता येण्याजाण्याचा असून चालणार नाही. त्यावर दोन-तीनशे माणसं दहा मिनिटं दाटीवाटी न करता उभी राहू शकतील इतकी रुंदी हवी, आणि मोनोची फाटकं बंद झाली की मेट्रोच्या फलाटावर तशी घोषणा त्याच मिनिटाला झाली पाहिजे. बांधकाम चालू असताना हे करणं सोपं आहे. नंतर पूल रुंद करायचा म्हटलं की मुंबईत ते किती रखडतं ते एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे जीव जाईपर्यंत आपण पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २०१७ ची ती सकाळही पावसाचीच होती.

सराव

मोनो पुन्हा धावण्याआधी एक गोष्ट व्हावी असं मला फार वाटतं. गाडी माणसांनी भरावी, भक्ती पार्क आणि मैसूर कॉलनीच्या मध्ये, खाली रस्ता नाही अशा ठिकाणी थांबवावी, वीज बंद करावी आणि सगळ्यांना खाली आणून दाखवावं. किती मिनिटं लागली तो आकडा दोन्ही स्टेशनांच्या फाटकावर लावावा. प्रवाशाला तो कळला पाहिजे, कारण त्यावरून त्याला ठरवता येईल की अशा संध्याकाळी वर चढायचं की खालीच थांबायचं.

हे मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगत होते. वय ७१, गुडघे कुरकुरतात, बहीण चेंबूरला राहते. मोनो बंद झाल्यापासून त्यांचं बहिणीकडे जाणं महिन्यातून एकदावर आलं आहे.

"पण अगं, त्या सरावाला माणसं कुठली घेणार?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक कर्मचारीच असतील, काकू. नाहीतर कॉलेजची मुलं."

"मग काय उपयोग? पोरं काय, माकडासारखी उतरतील शिडीवरून. त्यांना सांग, माझ्यासारख्या चार जणी घ्या. पोटुशी बाई घ्या, आंधळा माणूस घ्या. आणि तेव्हा घड्याळ लावा."

मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. या टिपणात सुचवलेल्या सगळ्या गोष्टींत मी ते आता पहिलं ठेवते: सरावाच्या गाडीत दर दहा माणसांमागे किमान दोन जण असे असावेत, ज्यांना शिडी उतरता येत नाही.

"मला बोलावलं तर येईन हो मी," जाता जाता काकू म्हणाल्या, "फक्त दुपारी नको, दुपारी मी झोपते."